भूल, गुंगी आणि आपला होकार

(सुलतानपूर, ता. लोणार, जि. बुलडाणा येथील महिला आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण अंगावरून जाणं, रक्त कमी असणं, बाळंतपण यांवर बोलतो आहोत. माझ्या वाट्याला आलेला विषय जरा वेगळा आहे. ऑपरेशनच्या वेळी, बाळंतपणात किंवा दुर्बिणीची तपासणी करताना आपल्याला गुंगी आणणारी औषधं दिली जातात. ती कोणती, ती शरीरात काय करतात, आणि ती घेतलेल्या बाईचे हक्क काय, याबद्दल मी बोलणार आहे.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि दवाखान्यात जाणाऱ्या बायकांसोबत काम करते. कोणतं औषध किती द्यायचं हे ठरवणं माझं काम नाही, तुमचंही नाही. पण आपल्या अंगात काय टोचलं जातंय हे विचारणं मात्र आपलंच काम आहे. ऑपरेशन झालेल्या बाईला विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "सुई टोचली अन् मंग काही समजलंच नाही." काही समजलं नाही, म्हणजे सगळं नीट झालं, असं आपण धरून चालतो.

आपल्या भाषेत 'भूल देणं' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. डॉक्टर भूल देतो ती एक, आणि फसवणारा भूल घालतो ती दुसरी. पहिली भूल ही माणसाला लाभलेली फार मोठी देणगी आहे. तिच्याविरुद्ध बोलायला मी उभी नाही. पण पहिलीच्या आडून दुसरी येऊ नये, एवढ्यासाठी ही माहिती हवी.

गुंगीच्या औषधांची चार कामं

'गुंगीचं इंजेक्शन' असं आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात ही औषधं चार वेगवेगळी कामं करतात. एक, भीती घालवून झोप आणणं. दोन, घडलेलं विसरायला लावणं. तीन, वेदना कमी करणं. चार, शरीराचा एखादा भाग बधिर करणं. एकच औषध ही चारही कामं करत नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

डायझेपाम घ्या. 'कॉम्पोज' या नावानं ते आपल्याकडे वर्षानुवर्षं माहीत आहे. आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचं एक रसायन असतं. ते गाडीच्या ब्रेकसारखं काम करतं, मेंदूची धावपळ कमी करतं. डायझेपाम हा ब्रेक आणखी घट्ट दाबतं. भीती जाते, स्नायू सैल होतात, झोप येते. पण दुखणं थांबत नाही. शिवाय हे औषध चरबीत साठतं आणि शरीरातून फार हळू बाहेर पडतं, त्याचा अंश दिवसचे दिवस राहतो. म्हणूनच दुसऱ्या दिवशीही डोकं जड वाटतं. ते अंगावरच्या दुधातही उतरतं, त्यामुळे पिणारं बाळ सुस्तावू शकतं. वयस्कर बाईवर त्याचा अंमल जास्त वेळ टिकतो.

मिडाझोलाम त्याच कुळातलं, पण लवकर उतरणारं. त्याचा अर्धा अंश दोन-तीन तासांत शरीरातून जातो. त्याचा खास गुण म्हणजे विसर पाडणं. औषध अंगात असताना बाई बोलते, डॉक्टरांच्या सूचनांप्रमाणे हात-पाय हलवते, कण्हतेसुद्धा, आणि नंतर तिला त्यातलं काही आठवत नाही. वेदना थांबवण्याचं काम हेही करत नाही.

पेंटाझोसिन, म्हणजे 'फोर्टविन', हे अफूच्या गुणधर्माचं, वेदना कमी करणारं औषध. त्याच्यासोबत बऱ्याचदा 'फेनर्गन' दिलं जातं. फेनर्गन मुळात खाज-ॲलर्जीवरचं औषध. त्यानं उलटी थांबते आणि झोप येते. सरकारी दवाखान्यांत ही जोडी खूप वापरली गेली आहे.

केटामाइन या सगळ्यांपेक्षा वेगळं. ते १९६२ साली तयार झालं. त्यानं वेदना जाते आणि माणूस आपल्या शरीरापासून तुटल्यासारखा होतो. डोळे उघडे असतात, पण माणूस तिथे नसतो. श्वास आणि रक्तदाब सहसा टिकून राहतात, म्हणून जिथे साधनं कमी तिथे ते उपयोगी पडतं. पण शुद्धीवर येताना भास होतात, भीतिदायक स्वप्नं पडतात. हे आधी सांगितलं नसेल तर बाई घाबरते, आणि घरचे 'हिला बाहेरचं काही लागलं' म्हणून मोकळे होतात.

प्रोपोफोल हे दुधासारखं पांढरं इंजेक्शन. अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप लागते आणि एकाच डोसनंतर पाच-दहा मिनिटांत जाग येते. टोचताना हातात आग होते. तेही वेदनाशामक नाही.

चौथं काम बधिर करण्याचं. लिग्नोकेन जिथे टोचतात तिथली जागा बधिर होते. सिझरच्या वेळी पाठीच्या कण्यात देतात ते बहुतेक वेळा ब्युपिव्हाकेन. त्यानं कमरेखालचा भाग दीड-दोन तास बधिर होतो, बाई जागी असते. तिला हाताचा स्पर्श, ओढ जाणवते, कापल्याची वेदना जाणवत नाही. या 'पाठीतल्या सुई'बद्दल आपल्याकडे फार भीती आहे. त्या सुईमुळे जन्माची पाठदुखी लागते, या समजाला आधार मिळालेला नाही. बाळंतपणानंतरची पाठदुखी सुई न घेतलेल्या बायकांनाही होते. काही जणींचं डोकं मात्र दोन-चार दिवस दुखतं, बसलं-उठलं की जास्त दुखतं. तसं झालं तर दवाखान्यात सांगायचं, त्यावर इलाज आहे.

गप्प झाली म्हणजे दुखत नाही?

आता मुद्द्यावर येते. झोप, विसर आणि वेदनाशमन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती झोप आणली तर वेदना आतल्या आत राहते. नुसता विसर पाडला तर बाई वेदना भोगते आणि नंतर तिच्याकडे सांगायला काही उरत नाही.

हे मी कल्पनेनं बोलत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात बाळंतिणींना मॉर्फिन आणि स्कोपोलामिन ही दोन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली. स्कोपोलामिन म्हणजे आपल्या धोतऱ्यातही असणारं द्रव्य. वाटमारे धोतरा चारून वाटसरूंना लुटत, ते याच गुणामुळे. या पद्धतीला 'संधिप्रकाशातली झोप' असं नाव पडलं. अमेरिकेतल्या बायकांना ती इतकी आवडली की १९१४ साली त्यांनी ही सोय मिळावी म्हणून संघटना काढली. बाळंतपणाच्या कळा हे बाईचं नशीब मानायला त्यांनी नकार दिला, आणि ती मागणी रास्तच होती. पण दवाखान्याच्या बंद दाराआड काय चाललं होतं? वेदना पूर्ण जात नव्हती. बायका ओरडत होत्या, हातपाय झाडत होत्या. त्यांना गाद्या लावलेल्या खाटांवर ठेवत, कधी बांधून ठेवत, डोळ्यांवर पट्टी बांधत. उठल्यावर त्या सांगत, 'मला काहीच त्रास झाला नाही.' कारण त्रास आठवतच नव्हता. शिवाय मॉर्फिनमुळे काही बाळांना जन्मल्यावर नीट श्वास घेता येत नव्हता.

म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न असा: "हे औषध झोपेचं आहे की दुखणं थांबवायचं? दुखणं थांबवायला काय देणार?" चांगला डॉक्टर या प्रश्नानं रागावत नाही. तो दोन्ही गोष्टींची सोय करतोच, फक्त सांगायला विसरतो.

डोळा श्वासावर हवा

शेजारचे जालना, परभणी हे जिल्हे पूर्वी निजामाच्या राज्यात होते, हे तुमच्यातल्या म्हाताऱ्या मावश्यांना ठाऊक आहे. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादमध्ये, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या भुलीचा अभ्यास करायला दोन आयोग बसले. निजामानं त्यासाठी पैसा दिला. तिथले डॉक्टर एडवर्ड लॉरी यांचं सांगणं होतं की भूल देताना डोळा श्वासावर ठेवा. क्लोरोफॉर्मनं हृदयही थेट बंद पडू शकतं हे पुढे सिद्ध झालं, तेवढ्यापुरते ते चुकले. पण श्वासाकडे बघा, ही शिकवण आजही खरी आहे. याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई क्लोरोफॉर्म देण्यात तरबेज झाल्या. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. भूल देणारी बाई आपल्या इतक्या जवळ होऊन गेली, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात तिचं नाव नाही.

श्वासाचं महत्त्व का? गुंगीची बहुतेक औषधं श्वास मंद करतात. झोपेचं औषध आणि अफूच्या कुळातलं औषध एकत्र दिलं तर श्वासावरचा परिणाम दोघांच्या बेरजेपेक्षाही जास्त होऊ शकतो. घसा सैल पडतो, जीभ मागे जाते, पोटातलं अन्न वर येऊन फुफ्फुसात शिरू शकतं. उपाशी राहायला सांगतात ते याचसाठी. जेवण आणि दूध घातलेला चहा यांना साधारण सहा तास झालेले असावेत. पाणी किती वेळ आधी बंद करायचं ते डॉक्टर सांगतील. "घोटभर चहानं काय होतं" म्हणून माया करणारी सासू किंवा आई नकळत जीव धोक्यात घालते. आणि चहा घेतला असेलच, तर लपवू नका. ऑपरेशन चार तास पुढे गेलेलं परवडतं.

बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं मशीन करोनात आपण सगळ्यांनी पाहिलं. गुंगी दिलेल्या बाईच्या बोटाला ते लागलंच पाहिजे. त्यासाठी नखांचं पॉलिश काढून जायचं. पण मशीनचा आकडा उशिरा खाली येतो, श्वास त्याआधी मंदावलेला असतो. म्हणून छातीची हालचाल बघणारं माणूसही हवं, आणि त्या माणसाला त्या वेळी दुसरं काम नको.

या औषधांना उताराही असतो. अफूच्या कुळाला नॅलोक्सोन, डायझेपाम-मिडाझोलामला फ्लुमाझेनिल. प्रोपोफोलला आणि केटामाइनला असा उतारा नाही. उताऱ्याचा अंमल मूळ औषधाच्या आधी संपू शकतो, म्हणजे शुद्धीवर आलेली बाई पुन्हा गुंगीत जाऊ शकते. एकदा डोळे उघडले की निघालं घरी, असं चालत नाही.

शिबिरातली घाई

बाईच्या नसबंदीचं ऑपरेशन, टाक्याचं असो की बिनटाक्याचं, बहुतेक वेळा थोडी गुंगी देऊन आणि पोटाची जागा बधिर करून होतं. सरकारच्या नियमावलीतच या पद्धतीला पसंती आहे, आणि ती सुरक्षित आहे. पण लिग्नोकेन टोचल्यावर जागा पुरती बधिर व्हायला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं थांबलं नाही, तर औषध देऊनही बाईला सुरी जाणवते. रांग लावून ऑपरेशनं करायची म्हटल्यावर सगळ्यात आधी कापली जातात ती हीच मिनिटं.

८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या शिबिरात एका सर्जननं काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. त्यातल्या १३ जणी दगावल्या. ते मृत्यू गुंगीच्या औषधानं झाले असं कुणी म्हटलं नाही. वाद होता तो जंतुसंसर्गाचा आणि नंतर दिलेल्या गोळ्यांचा. पण ८३ चा आकडा काय सांगतो ते बघा. एका पथकानं दिवसात ३० पेक्षा जास्त ऑपरेशनं करू नयेत असा नियम असताना इतक्या जणींच्या श्वासाकडे, बधिरतेकडे कोण बघणार? २०१६ साली देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ही शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याच्या दिशेनं पावलं टाकायला सांगितलं. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये बिहारच्या खगडिया जिल्ह्यातल्या बायकांनी सांगितलं की आम्हाला जाग असताना, दुखत असताना कापलं, ओरडलो तेव्हा हातपाय धरून ठेवले.

नियम कागदावर चांगले आहेत, आणि ते आपल्याला पाठ हवेत. बाई गुंगीत असताना नसबंदीची संमती घ्यायची नाही. जबरदस्तीनं घ्यायची नाही. नवऱ्याची सही लागत नाही, तिची स्वतःची पुरते. ऑपरेशननंतर किमान चार तास ठेवून घ्यायचं. ती पूर्ण जागी झाली, लघवीला जाऊन आली, बोलू-चालू-पिऊ लागली, तरच घरी सोडायचं.

शुद्ध हरपली तरी हक्क जात नाही

आता सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सांगते. दिल्लीच्या समीरा कोहली या अविवाहित बाई. १९९५ साली पाळीच्या तक्रारीसाठी त्या खाजगी दवाखान्यात गेल्या. दुर्बिणीनं तपासायचं म्हणून भूल दिली. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची सही घेतली आणि गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. बाई लढल्या. १६ जानेवारी २००८ रोजी न्यायालयानं सांगितलं की तपासणीला दिलेला होकार हा ऑपरेशनला दिलेला होकार नाही. सज्ञान बाई भुलीमुळे थोडा वेळ बेशुद्ध आहे, एवढ्यानं तिच्या वतीनं दुसऱ्याला होकार देता येत नाही. जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. भरपाई मिळाली २५ हजार रुपये. रक्कम तुटपुंजी, पण तत्त्व मोठं आहे.

आपल्याकडे 'पिशवी काढा' हे किती सहज सांगितलं जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. पिशवी काढायची का, यावर जागेपणी, दोन दिवस विचार करून, दुसऱ्या डॉक्टरला विचारून बोलायचं. गुंगीचं इंजेक्शन घेतल्यावर पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवायचा नाही.

आणखी एक अवघड गोष्ट बोलते. गुंगीत असताना विटंबना झाली, असं काही बायका सांगतात. मिडाझोलाम, प्रोपोफोल, केटामाइननं भास होतात हे खरं आहे. पण अशा वेळी खरोखर अत्याचार झाल्याचीही उदाहरणं आहेत. 'औषधाचा भास' एवढं म्हणून बाईचं तोंड बंद करता येणार नाही. यावर साधा उपाय आहे. गुंगी देताना आणि ती उतरेपर्यंत खोलीत एक नर्स किंवा दुसरी बाई हजर हवी. त्यात बाईचंही रक्षण आहे आणि प्रामाणिक डॉक्टरचंही. कायदाही स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ प्रमाणे, गुंगीचा पदार्थ देऊन मिळवलेला होकार हा होकार धरला जात नाही. जुन्या कायद्यातही हे होतंच.

घरातली गुंगी

दवाखान्याबाहेरही ही औषधं आपल्यापर्यंत पोचतात. झोप येत नाही, छाती धडधडते, म्हणून बाई जाते. घरात मार आहे, नवऱ्याची दारू आहे, कर्ज आहे, हे कुणी विचारत नाही. 'डोकं शांत राहायची गोळी' मिळते. अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम, म्हणजे पुन्हा तेच ब्रेकचं कुळ. थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर ती मदत करते. महिनोन् महिने घेतली तर सवय लागते, मात्रा वाढवावी लागते. आणि एकदम बंद केली तर थरथर, झोप उडणं, कधी झटकेसुद्धा येतात. म्हणून घेत असाल तर माझं भाषण ऐकून आज रात्रीच बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. या गोळ्या २०१४ पासून 'एच-१' या कडक यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत आणि विक्रीची नोंद वहीत ठेवायची, असं औषध दुकानदारावर बंधन आहे. मार खाणाऱ्या बाईला झोपवलं म्हणजे मार थांबला असं होत नाही. तिला गोळी लागेलही, पण सोबत आपण माणसंही लागतो.

काय विचारायचं

शेवटी सहा गोष्टी सांगते. आशाताई, तुम्ही त्या लिहून घ्या आणि बाईसोबत दवाखान्यात जाताना जवळ ठेवा.

आधी आपण सांगायचं: काय खाल्लं-प्यायलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, दमा आहे का, रात्री घोरणं आहे का, पूर्वी भुलीचा त्रास झाला का, पोटात किंवा अंगावर बाळ आहे का.

मग विचारायचं: गुंगी देणार की पूर्ण भूल? दुखू नये म्हणून काय देणार? श्वासावर लक्ष कोण ठेवणार? खोलीत बाई कोण असेल?

औषध देण्याआधी सही करायची, कागद वाचून किंवा वाचून घेऊन.

मध्येच दुखलं तर स्पष्ट सांगायचं, "दुखतंय, थांबा." ओरडली म्हणून बाई नाजूक ठरत नाही. औषधाचा अंमल अजून झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घरी आल्यावर पुरते चोवीस तास चूल, विहीर, विळी, गाडी यांपासून लांब राहायचं. कुठल्या व्यवहाराच्या कागदावर सही करायची नाही. सोबतीला जाणतं माणूस हवं, सहावीतली पोरगी नको.

आणि दवाखान्याच्या कागदावर दिलेल्या औषधांची नावं लिहून मागायची. पुढच्या वेळी तोच कागद उपयोगी पडतो.

तुमच्यातल्या ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांनी घरी गेल्यावर जुने कागद काढून बघा, कोणतं औषध दिलं होतं ते लिहिलंय का. पुढच्या बैठकीला ते घेऊन या. आपण मिळून वाचू. आता तुमचे प्रश्न विचारा.